धारेवरचा उन्हाळा

धुळ्याच्या दक्षिणेला, महामार्गालगत लळिंगचा डोंगर आहे. एप्रिल आणि मे या दोन महिन्यांत तो मी सलग आठ रविवार चढले. पाठीवरच्या पिशवीत पाण्याच्या दहा बाटल्या असत. माथ्यावर पोचले की ते पाणी एखाद्या वाळक्या बाभळीच्या बुंध्याशी ओतायचे आणि हलक्या पाठीने उतरायचे, असा माझा क्रम होता. चढताना ओझे हवे होते, उतरताना गुडघे शाबूत हवे होते. वरून पाहिले की महामार्गावरचे ट्रक उन्हाच्या थरथरीत वितळत, पुढे जाऊन पुन्हा घट्ट होत आणि आग्र्याच्या दिशेने नाहीसे होत. त्या थरथरीकडे फार वेळ पाहिले की तिच्या वर, अधांतरी, पांढरे काहीतरी दिसू लागे. तो बर्फ नव्हता. मला तो बर्फ वाटावा अशी माझी इच्छा होती, एवढेच.

हिमनद्यांवर काम करणाऱ्या एका संशोधन गटात मी दीड वर्षापासून होते. डोंगरातल्या यंत्रांनी पाठवलेले तापमानाचे आणि वाऱ्याचे आकडे तपासणे, चुकीचे गाळणे आणि उरलेल्यांतून अर्थ काढणे हे माझे काम होते. ते धुळ्यातल्या भाड्याच्या खोलीत पंख्याखाली बसूनही करता येत असे आणि मी ते तसेच करत होते. ज्या हिमनदीचा श्वास मी मिनिटामिनिटाला मोजत होते, ती मी एकदाही पाहिलेली नव्हती. जुलैमध्ये गट तीन महिन्यांसाठी वर जाणार होता. वरच्या तळावर एक जागा रिकामी होती आणि ती मला हवी होती. इतकी हवी होती की त्या तळाचे अक्षांश-रेखांश मला माझ्या फोन नंबरासारखे पाठ झाले होते.

गटाच्या प्रमुख मॅडमना मी तसे फोनवर सांगितले. त्यांनी नकार दिला नाही. त्या म्हणाल्या, "पाच हजार मीटरच्या वर तुझं शरीर काय करतं, हे मला माहीत नाही. तुलाही माहीत नाही. ते कळल्याशिवाय मी तुला वरच्या तळावर नेणार नाही."

या वाक्याचा मी जो अर्थ लावला तो माझा होता. मला वाटले, त्यांना एक शिखर हवे आहे. गिर्यारोहणाचा प्राथमिक अभ्यासक्रम मी आदल्या वर्षी पूर्ण केला होता, पण तिथे आम्ही चाळीस जण एका दोरीच्या शिस्तीत चाललो होतो. त्यात माझे असे काय होते? म्हणून मी एकटीने चढता येईल असे शिखर निवडले. हिमाचलातल्या एका उंच, कोरड्या खोऱ्यावरचा तो पाच हजारांहून थोडा अधिक उंचीचा खडकाळ माथा होता. दोर लागत नाही. शेवटच्या टप्प्यात मात्र हातापायांनी खडक चढावा लागतो.

माझे वडील, ज्यांना आम्ही सगळी भावंडे नाना म्हणतो, धुळ्यापासून दोन थांब्यांवरच्या आमच्या गावी कपाशी करतात. निघण्यापूर्वी मी दोन दिवस घरी गेले. आईने गूळ-शेंगदाण्याचे लाडू बांधले. नानांनी शिखर किती उंच, असे विचारले. मी आकडा सांगितला आणि तो समुद्रसपाटीपासून मोजतात हेही सांगितले.

"समुद्र आठे कोठे शे?" नाना म्हणाले. "लळिंगवरतून मोजी सांग."

मी मनात हिशेब करून सांगितले. ते ऐकून त्यांनी, एवढ्या चढाईची मजुरी कोण देतो, असे विचारले आणि स्वतःच हसले. मग डोक्याचा पांढरा बागायती रुमाल सोडून त्यांनी तो माझ्या पिशवीवर ठेवला. तो धुऊन धुऊन इतका विरला होता की त्यातून पलीकडचे दिसे. "डोकं वल्लं ठेव," ते म्हणाले, "मंग ऊन काय करी लेई."

आमच्याकडे हे शिकवावे लागत नाही. मे महिन्यात शेतावर असलेला प्रत्येक माणूस दर तासा-दीड तासाने ठिबकच्या नळीशी वाकतो, रुमाल भिजवतो, पिळत नाही, तसाच डोक्याला गुंडाळतो आणि उरलेली टोके मानेवर सोडतो. पाणी उडून जाताना डोक्याची उष्णता घेऊन जाते. हवा जितकी कोरडी, तितके हे काम जलद होते. संशोधन गटात येण्याआधी बारावीच्या मुलांना मी हेच ओल्या फडक्याच्या तापमापीने शिकवले होते. समीकरण फळ्यावर लिहून दाखवले होते. त्यात वाऱ्याचा वेग कुठे येतो, हेही खुणेने दाखवले होते.

खोऱ्यातल्या शेवटच्या गावात मी पाच दिवस राहिले. रोज थोडे वर जायचे, खाली येऊन झोपायचे, सकाळी नाडी मोजायची. ज्यांच्या घरात खोली घेतली होती त्या साठीच्या बाई जवाची शेती करत आणि माझ्या वहीकडे संशयाने पाहत. निघण्याच्या आदल्या संध्याकाळी त्यांनी चुलीशी बसून वाट सांगितली: कुरण, मग सुटे दगड, मग बर्फाच्या पट्ट्याखालचा झरा, मग खडक, मग धार. शेवटी त्या म्हणाल्या, "बारह बजे जहाँ भी हो, वहीं से मुड़ जाना, बेटी. बारह के बाद वो हवा किसी की नहीं सुनती."

पहाटे चारला निघाले. कुरणावरचे गोठलेले दव बुटांखाली मोडत होते आणि त्याचा आवाज माझ्या पुढे पुढे चालल्यासारखा येत होता. पूर्वेकडचे डोंगर आधी कागदासारखे सपाट होते. मग त्यांना एकेक कड आली, मग खोली आली आणि मग अचानक रंग आला. वीस पावले, एक थांबा, चार श्वास. मी पावले मोजत होते. पण काही वेळाने आकडे आपोआप येऊ लागले आणि मोजणारी मी त्यांच्यापासून थोडी बाजूला सरकले. सुटे दगड पायाखाली घसरून जात आणि त्यांचा आवाज खूप खाली जाऊन थांबे. इतक्या उंचीवर विचारांनाही तसेच होते: एक विचार सुटतो, घरंगळतो, आणि तो कुठे जाऊन थांबला ते ऐकू येईपर्यंत दुसरा सुटलेला असतो. आईच्या जात्याचा खुंटा. महाविद्यालयाच्या जिन्यावरची ओल. विहारातल्या रविवारच्या वर्गात आम्ही मुली डोळे मिटून श्वास मोजत बसायचो तो गारवा. कशाचा कशाशी संबंध नव्हता आणि सगळे अत्यंत स्पष्ट होते.

नवाच्या सुमारास ऊन आले. खाली ऊन पडते. तिथे ते लागते. बर्फाच्या पट्ट्यावरून ते परत उसळून हनुवटीखाली, नाकपुड्यांत शिरत होते. कपाळाच्या दोन्ही बाजूंना ठोके पडू लागले. टोपी गरम झाली होती. झऱ्यापाशी आले तेव्हा मी गुडघे टेकले, पिशवीच्या वरच्या कप्प्यातून नानांचा रुमाल काढला, पाण्यात बुडवला, पिळला नाही, डोक्याला गुंडाळला आणि टोके जाकिटाच्या गळ्यात खोचली. यात अर्धे मिनिट गेले असेल. त्या अर्ध्या मिनिटात मी काहीही ठरवले नाही. हाताने ते केले, जसे त्याने हजार वेळा केले होते.

सुख झाले, हे नमूद केले पाहिजे. पाणी मानेवरून पाठीच्या कण्यापर्यंत गेले आणि डोक्यातले ठोके थांबले. जगाला पुन्हा कडा आल्या.

वरचा खडक सुंदर होता. तांबूस, खरखरीत, पूर्वेकडे तोंड करून तापलेला. आम्हाला शिकवले होते, चारांपैकी तीन अवयव नेहमी खडकावर हवेत. एकाच वेळी एकच हलवायचा. त्या नियमाने चढत असताना मी बहुतेक आयुष्यात प्रथमच दुसरा कसलाही विचार करत नव्हते. एक पकड, तिच्यावर विश्वास ठेवण्याआधीची ओढ, मग वजन. दगडाच्या फटीत नखाएवढी निळी फुले. माझ्या उजव्या खांद्यामागे सगळे खोरे आणि त्यात बोटाच्या पेराएवढे जवाचे शेत. बाई त्यात वाकलेल्या असतील, असे मला वाटले आणि त्या दिसत नसताना मला दिसल्या.

अकराला दहा मिनिटे असताना मी धारेवर आले आणि वाऱ्यात आले.

धार म्हणजे दोन्ही बाजूंनी उतरलेली, एखाद्या खोलीइतक्या रुंदीची दगडी वाट. तिच्या टोकाशी माथा होता. उंचीमापकाप्रमाणे सत्तर मीटर वर. त्यावर कोणी रचलेला दगडांचा ढीग आणि त्यातली काठी मला दिसत होती. वारा पश्चिमेकडून, सपाट, न थांबणारा. मी कापू लागले. चढाईच्या श्रमाने कापते आहे, असे मी स्वतःला सांगितले, आणि ते उत्तर पटण्यासारखे असल्यामुळे पुढे तपासले नाही. एक फोटो काढला. काही पावले गेले. एका दगडाच्या आडोशाला पाच मिनिटे बसू, असे मनात आले. बसले. कापणे थांबले.

मग आमचे शेत आले.

ते आठवले नाही, आले. ठिबकच्या मोटारीची एकसुरी गुणगुण आली, तापलेल्या काळ्या मातीचा वास आला, कपाशीच्या ओळी माझ्या पायांपासून सुरू होऊन धारेच्या पलीकडे गेल्या आणि त्यांच्या शेवटाला नाना पाठमोरे उभे होते. दुपार होती. कुठेही घाई नव्हती. माथा आता फक्त बांधासारखा होता, पलीकडे जायचेच तर कधीही जाता आले असते. हवा अंगाला चिकटून उभी होती. मला उकडत होते. किती उकडते आहे, असे मला कौतुकाने वाटले आणि मी जाकिटाची चेन उघडण्यासाठी हात गळ्याशी नेला.

बोटांना चेन धरता येईना.

मी त्यांच्याकडे पाहिले. ती माझीच होती, पण सांगितलेले करत नव्हती. एखाद्या यंत्राने जूनच्या दुपारी उणे चाळीस दाखवावे आणि मी पंख्याखाली बसून त्या ओळीवर खूण करावी, तसे काहीतरी माझ्यात जागे झाले. यंत्राशी वाद घालायचा नसतो. दुसऱ्या यंत्राने पडताळा घ्यायचा असतो. अभ्यासक्रमात गारठलेला माणूस ओळखण्याची एक साधी चाचणी शिकवली होती: अंगठा करंगळीला लावून दाखवा. मी उजव्या हाताने प्रयत्न केला. दोघांत एका बोटाचे अंतर राहिले. डाव्यात थोडे कमी. मग मी सतराला सहाने गुणले. उत्तर ब्याण्णव आले. ते चूक आहे हे कळायला मला जो वेळ लागला, त्याने मी घाबरले. फार गारठलेल्या माणसाचे कापणे थांबते आणि त्याला उकडू लागते, हे शिकवलेले मला तेव्हा आठवले.

रुमाल डोक्याला घट्ट बसला होता; त्याच्या कडा वाऱ्याने पत्र्यासारख्या ताठ झाल्या होत्या. समीकरण तिथे वर, धारेवर, अगदी बरोबर चालले होते. हवा धुळ्याहून कोरडी, वारा कितीतरी अधिक. रुमाल नेमून दिलेले काम धुळ्यापेक्षा जास्त चोख करत होता. जन्मभर मला एकच शत्रू माहीत होता, ऊन. आणि माझ्या हातांनी त्याच्याविरुद्धचे एकमेव हत्यार काढले होते.

तो ओढून काढला. दातांनी हातमोजे चढवले. कोरडी लोकरी टोपी, पिसांचे जाकीट, दगडाची पाठ आणखी जवळ. लाडू चावता येईनात, तोंडात धरून विरघळवले. हात पंख्यासारखे फिरवले. सात-आठ मिनिटांनी मी पुन्हा कापू लागले, इतकी की दात वाजले, आणि त्या कापण्याचा मला जेवढा आनंद झाला तेवढा कधी कोणत्या निकालाचाही झाला नव्हता. शेत निघून गेले होते. साडेअकरा वाजले तेव्हा अंगठा करंगळीला लागला.

आता खरा प्रश्न होता. आकाश स्वच्छ होते. बाईंनी दिलेल्या वेळेतला अर्धा तास शिल्लक होता. माथा सत्तर मीटर. त्या सत्तर मीटरांवर वरच्या तळाची जागा होती, माझा जुलै, ऑगस्ट आणि सप्टेंबर होता. मी उभी राहून त्या काठीकडे बघत होते आणि माझ्या डोक्यात पुढे जाण्याच्या बाजूने सात कारणे ओळीने उभी होती, सगळी तर्कशुद्ध. मागे फिरण्याच्या बाजूने एकच होते: ही सात कारणे ज्या डोक्याने मांडली, त्याने अर्ध्या तासापूर्वी मला जाकीट उघडायला सांगितले होते.

मी उतरले. उतरताना खडक परका होता, प्रत्येक पायरी आधी पायाने शोधावी लागत होती. तिन्हीसांजेला बाईंच्या दारात पोचले. त्यांनी वर जाऊन आलीस का, असे विचारले. मी नाही म्हटले. त्यांनी खारा चहा ओतला आणि माझे दोन्ही हात वाटीभोवती स्वतः दाबून धरले.

परतीच्या गाडीत मी धारेवर काढलेला फोटो पुन्हा पुन्हा पाहिला. त्यात मी, आकाश, मागे हिमशिखरांची रांग. माझ्यापेक्षा उंच त्यात काहीच नव्हते. हा माथ्यावरचा फोटो नाही, हे जगात फक्त मला माहीत होते. दिल्ली ते धुळे या प्रवासात मी तो मॅडमना पाठवला नाही आणि पुसलाही नाही. धुळ्यात उतरल्यावर तीन पानांचा अहवाल लिहिला: वेळ, उंची, काय केले, काय वाटले, काय मोजले. "उकडत होते" हे शब्द तसेच ठेवले. अहवालाला तो फोटो जोडला आणि खाली लिहिले, माथ्याच्या सत्तर मीटर खाली.

पाठवून मी गावी गेले. नाना नांगे भरत होते, म्हणजे जिथे बी उगवले नाही तिथे पुन्हा टोबत होते. मी त्यांच्या मागच्या ओळीत बसले आणि टोबता टोबता सगळे सांगितले. रुमालाचे ऐकून ते आधी हसले. मग पुढचे दोन नांगे भरले. मग मातीकडे बघतच म्हणाले, "मंग मी तुले चुकीनं सांगं का?"

"नाही नाना. इथं ते बरोबरच आहे. तिथं वारा वेगळा होता."

त्यांनी मान हलवली. पण त्या दिवशी त्यांनी आपला रुमाल एकदाच भिजवला, आणि तोही मी पाहत नसताना.

मॅडमचा फोन दुसऱ्या दिवशी शेतातच आला. त्यांनी अहवाल दोनदा वाचला होता. त्यांनी अनेक बारीक प्रश्न विचारले, मी नेमकी उत्तरे दिली आणि बोलणे इतके सुरळीत चालले की मला आशा वाटू लागली. मग त्यांनी विचारले, "बोटांनी चेन धरली असती, तर तुला कळलं असतं?"

मी खोटे बोलू शकले असते. "कदाचित नाही," मी म्हटले.

"मग या वर्षी वरचा तळ नाही," त्या म्हणाल्या. "खालच्या तळावर ये. वरून उतरणाऱ्या प्रत्येकाला तू तपासायचंस. बोटं, कापणं, गुणाकार, सगळं. ती पद्धत तू बसवायचीस."

फोन ठेवल्यावर मला वाईट वाटले, आणि ते झाकण्यात अर्थ नाही. खरे सांगितल्याबद्दल काही मिळेल, अशी एक लबाड अपेक्षा माझ्या अहवालात कुठेतरी दडलेली होती, हे मला तेव्हा कळले. बांधावर बसून मी नानांना सांगितले की वर नाही, खाली. काय करायचे तेही सांगितले. बोटांची चाचणी करून दाखवली.

नानांनी टोबण्याची काडी खाली ठेवली, हात धोतराला पुसला आणि अंगठा करंगळीकडे नेला. तो पोचला नाही. त्यांनी पुन्हा नेला. चाळीस वर्षांच्या कामाने ताठलेली ती बोटे भर उन्हात, घामाने भिजलेली, एकमेकांपासून पेरभर दूर थांबली.

"मी बी गारठी गऊ का?" ते म्हणाले.

मी हसले, आणि हसता हसता थांबले. आमच्या गटात सामान वाहणारे, दोर बांधणारे, पन्नाशी ओलांडलेले लोक आहेत. कोणाचे बोट मोडून जुळलेले असेल, कोणाला गुणाकार कधीच आला नसेल. वर जाण्याआधी, खाली, उबेत असताना प्रत्येकाची नोंद घेतली नाही, तर उतरल्यावरच्या चाचणीला काही अर्थ नाही. मी नानांचा हात धरून ते अंतर डोळ्यांनी मोजले, मग पट्टी आणायला घराकडे निघाले. वाटेतच मॅडमना लिहिले की मी ठरलेल्या तारखेच्या चार दिवस आधी येते आहे. कोणीही वर निघण्यापूर्वी मला सगळ्यांचे हात पाहायचे आहेत.